होळीच्या मांडावरची हिरवळ

२ फेब्रुवारी १९८६, रविवार

नक्की झालं! दोस्त जैनुद्दीनचा मुलगा मुंबईहून आला तो निरोप घेऊनच. फ्रामरोज साहेब मार्चअखेर स्वतः येतायत, बरोबर जिमखान्याचे मेंबर. होळीची सुट्टी आणि गुड फ्रायडे यंदा लागून आलेत, तेव्हा त्यांना समुद्र बघायचाय, मासे खायचेत आणि शनिवारी २९ मार्चला आमच्याशी सामना खेळायचाय. आमच्याशी! म्हणजे रत्नागिरीच्या लॉन बोलिंग क्लबाशी, ज्याचा जन्म गेल्या जूनमधला आणि ज्याचा सेक्रेटरी, कॅप्टन नि माळी मीच.

एकतीस वर्षं मी त्या जिमखान्याच्या हिरवळीवर अनवाणी रोलर ओढला. हेडमाळी झालो तरी काम तेच. साहेबांचे गोळे खांद्यावरच्या फडक्याने पुसायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. टाकायला कधी मिळाले नाहीत, नोकरांना मनाई होती. रिटायर झालो तेव्हा हार घातला, ही छापील डायऱ्यांची चळत दिली आणि मोडीत काढायचे जुने लाकडी गोळे दिले. मी ते घेऊन घरी आलो नि ठरवलं, गोळे आहेत तर हिरवळही करीन, आणि त्या हिरवळीवर एकदा तरी साहेबांच्या समोर उभा राहून गोळा टाकीन. दुसरं काही नको मला आता.

खेळ सोपा आहे. पांढरा छोटा गोळा पुढे टाकायचा, त्याला जॅक म्हणतात. मग आपले मोठे गोळे घरंगळवत त्याच्या जवळात जवळ न्यायचे. गोळा एका अंगाला जड असतो, म्हणून तो सरळ जातच नाही, वळसा घेतो. वाडीतले लोक याला ‘वाकड्यांचा खेळ’ म्हणतात. म्हणू देत मेले.

तुळसाला सांगितलं तर ती तांदूळ पाखडायची थांबली.
“अहो, पण त्याच दिवसांत शिमगा. होळी कुठं उभी राहणार?”
“देवळाजवळ राहील. जागा काय कमी आहे तिथे?”
ती पुन्हा पाखडायला लागली. बायकोमाणसाला प्रत्येक गोष्टीत शंका.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मैदानाला चारी बाजूंनी तार ओढून झाली. फाटक बसवलं. फाटकावर पाटी रंगवून घेतली : ‘सभासदांखेरीज आत येऊ नये.’ तांबड्या अक्षरांत, अगदी जिमखान्यासारखी. लांबून बघितली आणि ऊर भरून आला.

हरळी सुरेख धरलीय. कातळावर भाताच्या खाचरातली माती आणून अंथरली, पावसाळाभर एकेक कांडी हाताने लावली, आता पाय ठेवला तर गादीवर ठेवल्यासारखा. उन्हाळ्यात टिकेल का ही धास्ती होती. माझी विहीर अजून तरी हात देतेय. तुळसा सकाळ-संध्याकाळ रहाट ओढते, मी शिंपतो.

पाटी लावली त्याच दिवशी हौसावहिनी डोक्यावर हंडा घेऊन मैदानातून तिरप्या निघाल्या. तारेखालून! हंडा उतरवून, वाकून! माझा थोरला भाऊ काशीरामदादा वारल्यापासून त्यांना काही बोलायचं म्हणजे जीभ जड होते, पण शिस्त ती शिस्त.
“वहिनी, आता इथून नाही हं जायचं. वळसा घालून जा.”
त्या थांबल्या. “लग्न होऊन आल्ये तेव्हापासून हीच वाट हाय भावोजी.”
“होती. आता हिरवळ आहे.”
त्या गेल्या वळसा घालून. समजूतदार बाई आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

सराव. आमचे सगळे मेंबर हजर. जैनुद्दीन फॉर्मात होता. तो आणि मी बालपणापासूनचे, तो बोटीवर गेला नि मी मुंबईला. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन रिटायर झाला. डर्बनला धक्क्यावरून त्याने हा खेळ पाहिला होता, म्हणून क्लबाची गोष्ट काढली तेव्हा पहिला हात त्याचा वर. तो गोळा टाकताना बोटीवर दोरखंड ओढताना मारतात तशा हाका त्याला मारतो. “वळ, वळ बाबा, वळ रे माझ्या राजा!” साहेबांसमोर हे चालणार नाही, असं बजावलं.

तारेबाहेर भागोजी आणि वाडीतली आठ-दहा पोरगेली माणसं कोपरं टेकून बघत होती. एक म्हणाला, “आमाला येक टाकून बघू द्या वो.” मी म्हटलं, “मेंबर व्हा, मग टाका.” हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही.

भागोजी जाता जाता म्हणाला, “यंदा होळीला रानात सावर बघून ठेवलीय काका. सरळ, उंच. तुमच्या मांडाला शोभंल अशी.”
मी म्हटलं, “देवळाकडे शोभू दे.” त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

९ मार्च, रविवार

रावजी आले. वाडीचे गावकार, सत्तरी ओलांडलेले, आवाज कधी चढत नाही. ओटीवर बसले, सुपारी कातरली, मग म्हणाले, “हरीभाऊ, पंचमी आली जवळ. पहार काढून ठेवा.”
“कसली पहार?”
ते माझ्याकडे बघतच राहिले.

मग सगळं निघालं. होळी उभी करायची ती आमच्या मैदानात, त्याला मांड म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. पण खड्डा खणायचा मान आमच्या घराचा हे मी विसरूनच गेलो होतो. पहिली पहार आमच्या घरातल्या कर्त्याची, त्याच्याखेरीज मांडाला कुणी लोखंड लावायचं नाही. बाबा होते तोवर बाबा, मग दादा. मला शिमग्याला रजा कधी मिळालीच नाही. मार्चात जिमखान्याचे सामने असायचे.

मी म्हटलं, “रावजी, जूनमध्येच तुम्हाला सांगितलं होतं की खड्डा भरून इथे हिरवळ करतोय. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”
“व्हय. खड्डा दरवर्षी बुजवतातच. काशीरामसुद्दा पाडवा झाला का बुजवायचा. गेल्या साली तो आजारी, म्हणून ऱ्हायला. आमाला वाटलं, तुमी बुजवलाव, तुमीच खणाल.”
“अहो, मधोमध खड्डा पडला तर सामना कसा व्हायचा? मुंबईहून लोक येतायत. यंदा देवळाजवळ करा.”
“करू. पन खणणार कोन? थय मान कुनाचाच नाय.”
“मग मी तिथे येऊन खणतो.”
“जागा आपन ठरवली नाय हरीभाऊ. आपन बदलायची कशी?”
“जमीन माझी आहे,” मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं. “सात-बारा काढून बघा.”
“जमीन तुमचीच,” ते म्हणाले, “कोन नाय म्हणतो? जबरदस्ती नाय. तुमी नाय खणलाव, तर यंदा होळी उभी नाय. येवढंच.”

सुपारी तोंडात टाकून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. जेवण गेलं नाही.

१५ मार्च, शनिवार, फाक पंचमी

आजपासून शिमगा लागला. रोज छोटी होळी, पौर्णिमेला मोठी. सकाळी उठून बघतो तर फाटकावर पाटी नाही! खिळे तेवढे शाबूत. शिमग्याला लाकडं चोरायची चाल आहे, कुणी कुणाचं दार काढून नेतं, कुणी बाकडं, आणि ज्याचं गेलं त्याने तक्रार करायची नाही, केली तर सगळे त्याच्याच नावाने बोंब मारतात. आयला, पण माझी पाटी! कालच रंगाचा दुसरा हात दिला होता.

भागोजीला रस्त्यात गाठलं. “पाटी कुठे आहे?”
“कसली पाटी काका?” अगदी गरीब चेहरा. मागची सगळी हसत होती.
मी म्हटलं, “पोलिसात देईन.”
हसणं थांबलं. एकदम थांबलं. भागोजी म्हणाला, “शिमग्याच्या लाकडासाठी पोलीस? बरं.” आणि सगळे निघून गेले. मी एकटाच रस्त्यात. मी असं बोलायला नको होतं हे तिथल्या तिथे कळलं, पण शब्द गेला तो गेला.

दुपारी तारेचे दोन खांब हलवून बघितलेले दिसले. हलवून ठेवलेत फक्त. मला कळावं म्हणून असणार.

१८ मार्च, मंगळवार

सरावाला कुणी आलं नाही. मेंबरांपैकी पोस्टातल्या भाऊंची म्हणे पाठ धरली, दुसऱ्याची मुलगी आजारी. एकाच दिवशी सगळ्यांना बरं नाही! जैनुद्दीन आला, पण गोळा हातात घेईना. रोलरच्या दांड्यावर बसून राहिला.

“हरी, एक विचारू? आमच्या घरातून होळीला नारळ जातो. आजोबांच्या आधीपासून. पालखी मग आमच्या दारात थांबते, खतिजा तांदूळ ओवाळते. यंदा नारळ कुठे द्यायचा, तेवढं सांग.”
“तूसुद्धा?”
“मी काय केलं? मी विचारतोय.”
“क्लब तुझा पण आहे. तू माझ्या बाजूने बोलायला हवंस गावात.”
तो मग म्हणाला, “हिरवळ कर असं मी बोललो, तार ओढ असं नाही बोललो. बोटीवर रेलिंग असतं ना, ते माणूस पाण्यात पडू नये म्हणून असतं. तुझी तार कशासाठी आहे?”
मी म्हटलं, “गोळा टाकायचा असेल तर टाक, नाहीतर जा.”
तो उठला. जाताना नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवायला हात उचलला आणि खाली घेतला.

जाऊ दे. मी एकटा साहेबांशी खेळीन. पण चौघं लागतात प्रत्येक बाजूला. चौघं कुठून आणू?

तुळसाने माझ्यासाठी पांढरी पँट शिवून आणलीय. घालून दाखवा म्हणाली नाही. घडी करून खुंटीखाली ठेवली.

२२ मार्च, शनिवार

शेवटी तोड सुचली. मीच सुचवली. रावजींना घरी बोलावलं, सोबत चार जाणती माणसं. तुळसाने चहा केला. हौसावहिनी पडवीत काजू निवडत बसल्या होत्या.

मी म्हटलं, “मंडळी, काशीरामदादाला जाऊन वर्ष झालेलं नाही. मे महिन्यात होईल. आमच्या घरी यंदा सण नाही, गोडधोड नाही. मग होळी तरी आम्ही कशी उभी करायची? यंदा सोडा. पुढच्या वर्षी बघू.”

सगळ्यांनी कप उचलले. मला वाटलं, जिंकलो.  पडवीतला काजूचा आवाज थांबला. वहिनी उठल्या, सूप तसंच ठेवलं आणि आत गेल्या. त्यांनाही पटलं असणार, नवऱ्याची आठवण मी ठेवली म्हणून भरून आलं असेल.

रावजी कप खाली ठेवून म्हणाले, “दुखवटा घराला आसतो हरीभाऊ. मान गावाचा आसतो. तुमचा बापूस वारला तो शिमग्याच्या आठ दिस आधी. काशीरामनं डोकं भादरलेलं तसंच पहार मारलीन.”
“तेव्हा मी कुठे होतो?” माझ्या तोंडून निघालं.
“तुमी बाराव्याला आलाव नि दुसऱ्या दिवशी गेलाव. साहेबांचा सामना होता.”

चहा कुणी पुरा प्यायला नाही.

रात्री वहिनी जेवायला आल्या नाहीत. तुळसा त्यांचं ताट घेऊन गेली ती तिथेच राहिली. मी वाढून घेतलं. आमटी अळणी होती की मलाच चव नव्हती कोण जाणे.

२४ मार्च, सोमवार

कुणी बोलत नाही. दुकानात गेलो तर बोलणं थांबतं, माल मिळतो, पिशवी हातात देतात. कुणी वाईट बोलत नाही, शिवी नाही. शिमग्यात! एरवी या दिवसांत देवाला सोडत नाहीत हे लोक.

सावर तोडलीय म्हणे, रानात आडवी आहे, लाकडांच्या फाट्यांवर. उद्या आणणार. कुठे आणणार? मी विचारलं नाही, मला कुणी सांगितलं नाही.

हिरवळ आज इतकी सुंदर दिसतेय की बघवत नाही. मी कात्रीने कडा कापल्या. 

साहेबांना तार करून नका येऊ म्हणावं असं दहादा वाटलं. मग वाटलं, नाही. मी काही चूक केलेली नाही. माझ्या जमिनीत गवत लावलं, खून केला नाही कुणाचा.

२५ मार्च, मंगळवार, होळी पौर्णिमा

लिहायला बसलोय, दोन्ही हातांना फोड आहेत. जमेल तसं लिहितो.

जेवून मी फाटक लावून घेतलं आणि आत रोलरवर बसलो. तुळसा घरात नव्हती. उन्हं कलली आणि ढोल ऐकू आला. आधी लांब, मग वळणावर, मग समोर. पन्नास एक माणसं, खांद्यावर सावर, टोकाला आंब्याचे टहाळे बांधलेले. तोडल्यापासून तिला भुईला लावायचं नसतं, मांडावरच उतरवायची. तारेपाशी आले आणि थांबले.

मी उठलो नाही. मनात सगळी भाषणं तयार होती. सात-बारा, दुखवटा, पाहुणे, सगळं. कुणीतरी ओरडायला हवं होतं, म्हणजे मी ओरडलो असतो. फाटक तोडायला हवं होतं, म्हणजे मी आडवा पडलो असतो. कुणी ओरडलं नाही. ढोल थांबला. रावजी पुढे होते, ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

सावर ओली, जड. खांदे बदलायला लागले. भागोजीच्या मानेवरची शीर दोरीसारखी फुगली. कुणाचा तरी पाय थरथरला, शेजारच्याने त्याच्या कंबरेला हात दिला. ऊन तोंडावर. अशी ती माणसं उभी आणि मी बसलेला, आणि मला इतकी भीती वाटली, इतकी कधी वाटली नव्हती. मला मारतील याची नाही. हे असेच उभे राहतील याची.

मग जैनुद्दीन आला, हातात नारळ. तोही तारेबाहेर उभा राहिला, त्यांच्यात. माझ्याकडे बघितलंन. नारळ तसाच धरून.

आणि मग वहिनी आल्या. नेहमीच्या वाटेने, तिरप्या, जिथून मी त्यांना जायला बंदी केली होती त्या बाजूने. मागे तुळसा. वहिनींच्या दोन्ही हातांत दादाची पहार. ती काय लहान आहे? कशीबशी उचलून आणलेली. तारेपाशी थांबल्या. माझ्या नियमाप्रमाणे थांबल्या. तारेवरून पहार पुढे केली.
“भावोजी, घ्या लवकर. मना वजन झेपत नाय.”

मी घेतली. खरं सांगतो, मान म्हणून नाही, गाव म्हणून नाही. म्हाताऱ्या बाईच्या हातून लोखंड पडेल म्हणून घेतली. पहारीला जिथे दादाचा हात असायचा तिथे ती गुळगुळीत आहे. माझा हात तिथेच गेला.

त्यानंतर मला नीट आठवत नाही. मी मधोमध गेलो. एकतीस वर्षांची सवय, आधी सुरीने हरळीचे चौकोन कापले, एकेक सोलून ओल्या गोणपाटावर ठेवले. कुणी घाई केली नाही. खांद्यावर झाड घेऊन माझं ते गवत काढणं बघत राहिले. मग पहार मारली. पहिल्याच घावाला ती हातभर आत गेली. माझीच भरलेली माती होती ती. खाली दादाने रचलेले दगड लागले, कडेने बसवलेले, झाडाचा बुंधा बरोबर मावेल असे. मी त्या दगडांमधली माती ओंजळीने वर काढत होतो आणि रडत होतो, मोठ्याने, लहान पोरासारखा, सगळ्या वाडीसमोर. वर्ष होत आलं दादाला जाऊन, आणि मी तोवर रडलो नव्हतो.

वर मान केली तेव्हा तुळसाने फाटक उघडलं होतं. सावर आत आली. रावजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं, मला पुढे उभं केलं. जैनुद्दीनचा नारळ बुंध्याशी ठेवला. झाड उभं राहिलं आणि अशी बोंब उठली की समुद्रापर्यंत गेली असेल. पहिली बोंब माझ्याच नावाने! दुसरी पण!

माझी पाटी रात्री कोपऱ्यात पेटवलेल्या होमाच्या लाकडांत अगदी वर ठेवली होती हरामखोरांनी. तांबडी अक्षरं शेवटपर्यंत दिसत होती.

२७ मार्च, गुरुवार

काल पालखी नाचली मांडावर. मीही खांदा दिला. खांदा सुजलाय, मान वळत नाही. हिरवळीची काय दशा झाली ती लिहीत नाही. एका कोपऱ्यात अजून राख गरम आहे.

सकाळी भागोजी आणि मंडळी आली. म्हणाली, “घाण आमी केलंव, आमीच काढतंव.” राख उचलली, टाचांचे खड्डे भरले, मी सांगेन तसा रोलर ओढला. त्यांना रोलर ओढता येत नाही, वळणावर रेटतात. मी ओरडलो, ते हसले, आज मला ते हसणं आवडलं. हरळी मेलेली नाही. हरळी सहसा मरत नाही, चुरगळते फक्त. पाणी दिलं. आज रहाट वाडीतल्या बायकांनी ओढला.

जैनुद्दीन मऊ चुना घेऊन आला, रेघा मारायला.  तो म्हणाला, “तिकडची रेघ वाकडी जातेय,” मी म्हटलं, “तुझे डोळे वाकडे.” मिटलं.

सावर मधोमध उभी आहे. पाडव्यापर्यंत काढता येत नाही. साहेब काय म्हणतील? झोप लागत नाही.

२९ मार्च, शनिवार

साहेब आले. दोन गाड्या, पांढरे कपडे, पांढरे बूट, टोप्या. फ्रामरोज साहेब म्हातारे झालेत. गाडीतून उतरले आणि वर बघत राहिले, पार शेंड्यापर्यंत.
“हरी, आ शूं छे?”
“होळी आहे साहेब.”
“पन ग्राउंडच्या मधी? काढता नाय येनार?”
“नाही साहेब.”
मी जिमखान्यात साहेबांना ‘नाही’ कधी म्हटलं नव्हतं. जीभ अडखळली, पण म्हटलं. “पाडव्यापर्यंत नाही.”
“तो मग खेळायचा कसा?”
“गोळा वाकडाच जातो की साहेब. वळसा घालून जाईल.”
ते मोठ्याने हसले, तेव्हा जरा श्वास आला. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, की मांडावर वहाण चालत नाही. एकमेकांकडे बघितलं त्यांनी. मग एकेक खुर्चीवर बसून बूट काढायला लागले. पाय किती मऊ नि गोरे! फाटकाजवळच्या खडीवरून हिरवळीवर येईपर्यंत ‘ओय, ओय’ करत आले. तुळसा पदर तोंडाला लावून हसत होती.

गोळे एवढ्या लांब कुठे आणायचे म्हणून आमचेच वापरायचे ठरलं होतं. वाडी चारी बाजूंनी बसलेली, तारेच्या आत. तार आता एकाच बाजूला उरलीय, बाकीची पालखीच्या गर्दीत गेली. पोस्टातल्या भाऊंची पाठ सुटली, भागोजी आमचा चौथा गडी, दोन दिवसांत जमेल तेवढं शिकवलं.

साहेबांचे तीन टाकून झाले, आमचे तीन. मग माझी पाळी. मी जाऊन उभा राहिलो. फ्रामरोज साहेब शेजाऱ्याशी बोलत होते, आणि बोलता बोलता, न बघताच, त्यांनी माझा गोळा उचलून माझ्यापुढे धरला. तसाच धरला, जसा एकतीस वर्षं धरत आले. पुसायला.

माझा हातही आपोआप खांद्यावर गेला. फडकं नव्हतं. पालखीने सुजलेला खांदा होता, दुखला. हात तिथेच राहिला. मी गोळा घेतला नाही.  सगळे बघत होते. साहेबांचं बोलणं थांबलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, पांढरा, इस्त्रीचा. गोळा पुसला, सगळीकडून, सावकाश. माझ्या हातात दिला.
“तुझा टर्न, हरी.”

मी वाकलो आणि टाकला. कुठे गेला ते दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं.  मी जैनुद्दीनला विचारलं, “कुठे गेला रे?”
“होळीला जाऊन आपटला, गाढवा!” तो ओरडला, आणि सगळ्या वाडीने माझ्या नावाने अशी बोंब मारली की साहेबही तोंडावर हात नेऊन बघायला लागले कशी मारायची ती.

३० मार्च, रविवार

सपाटून हरलो. साहेब सकाळी निघाले, पुढच्या वर्षी पुन्हा येतो म्हणाले, पण शिमग्यालाच, होळी असतानाच. रावजींना विचारलं तर म्हणाले, “बघू.”

उरलेली तार मी आज काढून टाकली. हौसावहिनी दुपारी डोक्यावर हंडा घेऊन मैदानातून तिरप्या गेल्या. होळीपाशी थांबून हात जोडले, मग पुढे गेल्या. हिंदकळून पाणी सांडलं थोडं. हरळीला तेवढंच बरं.